एका लांब शब्दाचा पदच्छेद

इंग्रजी वाचतांना लांब शब्द समोर आला कीं आमचे बालवाचक बिचकतात. कांहीं तर तो गाळूनच पुढें जातात. परंतु संस्कृतांतील लांबलचक समास आपण जसा पदें सोडवून वाचतों, तसाच हाही वाचावयाचा असतो. उदाहरणादाखल मोठ्या इंग्रजी कोशांत सांपडणारा ४५ अक्षरांचा एक रोगवाचक शब्द आम्ही येथें घेतों.

प्रथम पदें सोडवूं. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस. अल्ट्रा-मायक्रोस्कॉपिक म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकासही न दिसणारें. सिलिको म्हणजे गारेंतील व वाळूंतील सिलिका. व्हॉल्केनो म्हणजे ज्वालामुखी. आणि कोनिओसिस म्हणजे धुळीपासून होणारा विकार. एवढ्यानेंच अर्थ उलगडला!

आतां अवयव पाडूं. एका स्वराच्या आधारें एका झटक्यांत उच्चारला जाणारा भाग तो अवयव.

न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय्-क्रो-स्कॉ-पिक्, सि-लि-को, व्हॉल्-के-नो, को-नि-ओ-सिस्.

असे एकंदर १९ अवयव झाले. आरंभीं 'पी' हें अक्षर लिहितात, परंतु 'न्यूमोनिया' शब्दांतल्याप्रमाणेंच तें मूक असतें. मुख्य आघात अठराव्या अवयवावर, म्हणजे 'ओ'वर द्यावा. पाठ करतांना शेवटून आरंभ करावा: प्रथम 'कोनिओसिस', मग 'व्हॉल्केनो-कोनिओसिस', याप्रमाणें अलीकडचें एकेक पद जोडीत यावें. म्हणजे शेवटाकडे जीभ अडखळत नाहीं.

हा शब्द वैद्यांनीं घडविलेला नव्हे. अमेरिकेंतील कोडीं सोडविणाऱ्यांच्या 'नॅशनल पझलर्स लीग' या मंडळाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनीं १९३५ सालीं, सर्वांत लांब शब्द व्हावा म्हणून, तो गमतीनें जुळविला. वैद्य या रोगास 'सि-लि-को-सिस्' एवढेंच म्हणतात.

शब्द गमतीचा असला तरी रोग गमतीचा नाहीं. तो व्हावयास ज्वालामुखीही लागत नाहीं. खाणींत खपणाऱ्या व दगड फोडणाऱ्या मजुरांस तो जडतो. मध्य प्रदेशांत मंदसौर येथें पाटीवरच्या पेन्सिली घडविणाऱ्या कामगारांतही तो आढळून आला आहे. फुप्फुसें निबर होतात, आणि तीं पूर्ववत् करणारें औषध नाहीं. पाणी मारून धूळ बसविणें व ती श्वासावाटे आंत जाऊं न देणें हाच खरा उपाय.

१९ अवयव बिनचूक म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ आम्ही अवश्य थोपटूं. परंतु ज्या घरचें कोणी दगडखाणीवर कामास जात असेल, त्या घरीं तो चार अवयवांचा शब्द नीट समजावून देणारा विद्यार्थी आम्हांस अधिक शिकलेला वाटेल.