चिमटीतला खाऊ

मनू, हॅमस्टर आणलास ते बरं केलंस, आणि नाव चिकू ठेवलंस तेही झकास. आता घरातलं प्रत्येक माणूस त्याला काहीतरी भरवायला टपलेलं असणार. आपल्याकडे माया करायची म्हणजे ताटात वाढायचं, त्याला कोण काय करणार! म्हणून नुसतं फळांपुरतं लिहून पाठवतेय. फ्रिजच्या दारावर चिकटव, म्हणजे येता-जाता सगळ्यांच्या नजरेला पडेल.

१. पहिली गोष्ट, फळ हे चिकूचं जेवण नव्हे, तोंडाची चव — त्याचं जेवण म्हणजे पेलेट आणि धान्य-बिया. १९३० साली इस्रायल अहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतातलं बीळ खणवून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आजचे बहुतेक पाळीव सीरियन हॅमस्टर त्याच कुळातले. शेतातलं दाणागोटा वेचून जगणारं घराणं ते, फ्रूट सॅलडवर वाढलेलं नव्हे.

२. तुकडा तुझ्या करंगळीच्या नखाएवढा, त्याहून मोठा नको — चिकू साधारण १२० ग्रॅमचा, तू ६० किलोची (रागावू नकोस), म्हणजे पाचशे पट. त्याने २ ग्रॅमची फोड खाल्ली तर ते तू एका बैठकीत किलोभर सफरचंदं संपवल्यासारखं झालं. जीव मुठीत मावतो, तर खाऊ चिमटीत मावावा.

३. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि वार ठरवून टाक — नाहीतर सकाळी आजी देते, दुपारी दादा देतो, संध्याकाळी तू देतेस, आणि तिघांनाही वाटतं आपणच काय ते दिलं.

४. घरी आणल्यापासून पहिला आठवडा फळ अजिबात नको — नव्या जागेची धास्ती आणि नवं खाणं दोन्ही एकदम झालं की पोट बिघडतं. पुढेही एका वेळी एकच नवं फळ दे. काही बिनसलं तर कशाने ते कळायला हवं ना.

५. द्यायला बरी फळं म्हणजे सफरचंद, पेर, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, पपई आणि पेरूचा बी काढलेला गर. त्यातही महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हाताशी असेल तर तीच दे — तिच्यात सफरचंदाच्या निम्मीच साखर असते.

६. सफरचंद आणि पेर यांचा मधला बियांचा भाग आधी कोरून फेक, मगच फोड कर — त्या बियांत अमिग्डालिन असतं, आणि बी चावली गेली की त्यातून सायनाइड सुटतं. पीच, प्लम, चेरी, जर्दाळू यांच्या कोयांचंही तेच. आपण चुकून एखादी बी गिळली तर काही होत नाही, पण वरचा पाचशे पटींचा हिशोब आठव.

७. संत्रं, मोसंबी, लिंबू, अननस यांच्या वाटेला जायचं नाही. नागपूरहून पेटी आली तरी ती आपल्यासाठी — एवढं आंबट त्याच्या तोंडाला आणि पोटाला झेपत नाही. आणि ‘क जीवनसत्त्व मिळेल’ असं कुणी म्हणालं तर सांग, त्याची गरज गिनीपिगला. हॅमस्टरचं शरीर ते स्वतःच तयार करतं.

८. अव्होकाडो तर पिंजऱ्याच्या आसपासही नको — त्यातलं पर्सिन अनेक छोट्या प्राण्यांना आणि पाखरांना बाधतं.

९. आंबा द्यायचाच असेल तर हापूसचा नखाएवढा गर, साल आणि चीक न लागलेला. मोसमात एक-दोनदा पुरे — गोड म्हणजे अगदीच गोड, आणि शिवाय चिकट.

१०. नाव चिकू म्हणून चिकू भरवायचा नाही हं! — साखर भरपूर, बी टोकदार, आणि कच्चा राहिला तर चीक.

११. आता गालांचं नीट ऐक, कारण खरी गंमत आणि खरी गडबड तिथेच आहे. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात, थेट खांद्यापर्यंत जाणाऱ्या. तू दिलेला तुकडा तो खातोय असं तुला वाटतं, आणि तो मात्र सामान भरत असतो — गालात गेलं ते पोटात गेलं असं समजू नये.

१२. म्हणून केळं, फणसाचा गरा, खजूर असलं चिकट काही नकोच. केळ्यावर आजी अडूनच बसली तर कागदासारखी पातळ चकती कर आणि तिचाही चतकोर दे — चिकट खाणं गालाच्या आतल्या कातडीला धरून बसतं, तिथेच आंबतं आणि जखम होते.

१३. एक गाल दुसऱ्या दिवशीही फुगलेला दिसला, किंवा तो पंजाने सारखा गाल चोळत असला, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे ने. कापसाची काडी घेऊन आपण डॉक्टरकी करायची नाही — ती पिशवी आतून फार नाजूक असते.

१४. मनुके, बेदाणे, सुकं अंजीर, टुटीफ्रुटी, मुरंबा, जॅम, डब्यातला ज्यूस, सगळं बंद — फळ वाळलं की पाणी उडून जातं आणि साखर तेवढीच राहते. सफरचंदात शंभरात दहा भाग साखर, मनुक्यात साठाच्या आसपास.

१५. दात तर वाढतच असतात, मग गोडाने काय होतंय, असं दादा म्हणेल. त्याला सांग, पुढचे दात जन्मभर वाढतात, दाढा नाही — आणि त्या आपल्यासारख्याच किडतात. दातकीड एकाकडून दुसऱ्याला लागू शकते हे पॉल कीज या अमेरिकन संशोधकाने १९६० साली दाखवलं, ते हॅमस्टरवरच.

१६. तुझ्या मैत्रिणीकडचा तो इवलासा आहे ना, ड्वार्फ जातीचा, त्याला फळच नको. काकडीचा किंवा ढोबळी मिरचीचा तुकडा द्यायला सांग — ड्वार्फमध्ये, विशेषतः कॅम्पबेल प्रकारात, मधुमेह पुष्कळ दिसतो, आणि दुकानात सगळे सरमिसळ झालेले असतात. पाण्याची बाटली पटापट रिकामी व्हायला लागली आणि भुसा फार ओला राहायला लागला तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

१७. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धू आणि कोरडं पूस. चकचकीत सफरचंदाची सालही काढ — ती चकाकी बहुतेकदा मेणाची असते. फ्रिजमधून काढलेलं थोडा वेळ बाहेर राहू दे, मग दे.

१८. पूजेतलं फळ नको — त्याला हळद-कुंकू, अष्टगंध, कापूर काय काय लागलेलं असतं. प्रसाद आपण खावा, चिकूच्या नावाने हवं तर एक घास जास्त खा.

१९. खाऊ संध्याकाळी, तो आपणहून उठून पेलेट खाऊन झाला की मग द्यावा. दुपारी झोपेतून उठवून लाड नकोत — तो रात्रीचा प्राणी आहे, आणि झोपमोड झाली की चावतो. त्यात त्याची चूक नाही.

२०. फळ चिरून झालं की हात साबणाने धू, मगच त्याला उचल — त्याला दिसतं बेताचं, कारभार सगळा नाकावर. तुझ्या बोटाला पेरूचा वास आला तर बोट हाच पेरू.

२१. दिल्यावर दोन तासांनी पिंजऱ्यात डोकाव आणि उरलेलं काढ. सकाळी त्याचं कोठारही बघ, कोपऱ्यात भुशाखाली असतं. लपवलेला खाऊ आधी मुंगीला कळतो, मग नाकाला, आणि सर्वांत शेवटी मालकाला — आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत बुरशी धरते.

२२. कोठारातलं फक्त ओलं काढायचं, सुके दाणे तसेच राहू द्यायचे — सगळंच उपसलंस तर आयुष्याची कमाई लुटली गेल्यासारखा तो सैरभैर होतो, आणि दुप्पट साठवायला लागतो.

२३. मुंग्या आल्याच तर पिंजरा छोट्या स्टुलावर ठेव आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, आजी पूर्वी जाळीच्या कपाटाला करायची तसं. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याभोवती ओढू नकोस — ते कीटकनाशक असतं, आणि तो जमिनीला नाक लावून हिंडणारा प्राणी.

२४. कलिंगड मे महिन्यात द्यावंसं वाटेल, पण नको — त्यात शंभरात नव्वदहून जास्त भाग पाणीच, त्याने पातळ शी होते. उकाड्यासाठी पिंजरा उन्हातून हलव आणि बाटलीतलं पाणी ताजं ठेव.

२५. शेपटीखालचा भाग ओला दिसला, वास मारायला लागला, तो कुबड काढून बसला आणि खाईना, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर — लहान पिल्लांत ‘वेट टेल’ नावाचा आतड्याचा आजार असतो, आणि त्यात दोन दिवसांत खेळ आटोपतो. फळ तेव्हा पूर्ण बंद.

२६. आणि औषधाच्या डब्यातली आपली अमॉक्सिसिलिन पाण्यात कालवून पाजायचा विचारही मनात आणू नकोस — पेनिसिलिनच्या जातीची औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, मग वाईट जंतू माजतात आणि जीव जातो. कुठलं औषध, किती थेंब, ते डॉक्टरच ठरवतील.

२७. दर रविवारी त्याला वाटीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेव — अंगावर केस इतके की वाढला का खंगला ते डोळ्यांना कळत नाही. (वाटी त्याची वेगळी ठेव, नाहीतर आजीचा पारा काट्याबाहेर जाईल.)

२८. गणपतीत घर पोराटोरांनी भरतं. त्या दिवसाचा त्याचा तुकडा एका छोट्या डबीत ठेव. डबी रिकामी झाली की दुकान बंद — नाही म्हणायला तुला जड जातं, डबीला जात नाही.

२९. गावाला जाशील तेव्हा शेजारच्या काकूंकडे पेलेट रोजच्या हिशोबाने पुड्या बांधून दे, पाण्याची बाटली कशी भरायची ते दाखव, आणि फळाचा विषयच काढू नकोस — काकूंचा हात सढळ आहे. त्यांचं मांजर पाहिलंस ना, दारातून आडवं होऊन निघतं ते?