सरखेल म्हणजे नेमकं काय? : कान्होजी आंग्रे आणि आरमाराचं नेतृत्व



इयत्ता चौथीत शिवछत्रपती शिकताना मुलांना आरमार भेटतं. "आरमार म्हणजे लढाऊ जहाजांचा ताफा" एवढी व्याख्या मुलं पाठ करतात. पण त्या ताफ्याचा प्रमुख करतो काय, हे बहुतेक वेळा राहूनच जातं. आज तेवढंच पाहू.

शब्दापासून सुरुवात

नौदलाच्या मोठ्या अधिकाऱ्याला आज आपण अ‍ॅडमिरल म्हणतो. या शब्दाचं मूळ अरबी 'अमीर' म्हणजे हुकूम देणारा, यात आहे. मराठी राज्यात आरमारप्रमुखाला 'सरखेल' हा किताब होता आणि तो सर्वांत गाजवला कान्होजी आंग्रे यांनी. शिवाजी महाराजांनी 1657 नंतर कल्याण-भिवंडीच्या बाजूला आरमाराचा पाया घातला. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस ते आरमार कान्होजींच्या हाती आलं. 1729 मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत कोकण किनाऱ्यावर त्यांचा दरारा होता.

मोठी जहाजं नसताना जिंकायचं कसं?

इंग्रजांची जहाजं उंच, अवजड, भरपूर तोफांची. त्यांना खोल पाणी लागे. कान्होजींकडे होत्या गुराबा आणि गलबतं. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. दोन्हींचा तळ उथळ पाण्यात चालेल असा.

वारा पडला की शत्रूचं मोठं जहाज जागच्या जागी अडकायचं. अशा वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूने मारा करायची, कारण तिकडे तोफा कमी असत. पारडं फिरलंच तर खाडीत शिरायचं. मोठं जहाज तिथे येऊच शकत नसे.

म्हणजे सरखेलाला वारा, भरती-ओहोटी, खडक, खाड्या आणि आपली माणसं सगळं ठाऊक हवं. शिवाय किनाऱ्यावर कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले हवेत. जहाज दुरुस्तीची सोय हवी. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे गोदीचे अवशेष आजही आहेत.

चाचा की सरखेल?

इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं. वर्गात यावर जरूर चर्चा घ्या. कान्होजी आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांना परवाना घ्यायला लावत. नसेल तर जहाज धरत. पण पोर्तुगीज तर त्यांच्याही आधीपासून हेच करत होते! मग एकाचा तो कायदा आणि दुसऱ्याची ती लूट कशी? इतिहास कोण लिहितं, हा प्रश्न मुलांना इथे सहज कळतो.

खरा धडा : पाठीशी कोण आहे?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून शिकवा.

पहिला प्रसंग 1721 चा. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. त्याआधी बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला आणलेलं होतं. त्यामुळे या वेळी बाजीराव पेशवे फौज घेऊन मदतीला आले. समुद्रावर आरमार, जमिनीवर घोडदळ. मोहीम फसली.

दुसरा प्रसंग 1756 चा. कान्होजींनंतर मुलांमध्ये भांडणं झाली, कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटणी झाली. विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशीच करार केला. अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात बंदरात उभ्या असलेल्या आरमाराला आग लागली आणि ते जळून गेलं. तुळाजी कैदेत गेले.

किनारा तोच, किल्ला तसाच भक्कम. बदललं काय? घरातली एकी. पेशव्यांना तुळाजींचा बंदोबस्त करायचा होता, पण त्यात मराठ्यांच्या आरमाराचा मोठा हिस्सा गेला. आणि पुढच्याच वर्षी, 1757 च्या जानेवारीत, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी कलकत्ता परत घेतलं. दोष एकाच माणसावर टाकू नका. चूक कुणाकुणाची, ते मुलांनाच ठरवू द्या.

वर्गात काय घ्याल?

1. परातीत एका बाजूला वाळूचा उतार करून पाणी भरा. त्यात एक पसरट झाकण आणि तळाशी थोडी वाळू भरलेली छोटी बाटली उभी तरंगत ठेवा. दोन्ही उताराकडे ढकला. आधी कोण टेकतं? उथळ तळाचा फायदा न सांगता समजतो.
2. कोकणच्या नकाशावर खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग दाखवा आणि प्रत्येकाजवळची खाडी किंवा बंदर शोधायला सांगा.
3. वर्गाचे दोन गट करा. 1755 साल आहे, एक गट पेशव्यांचा, एक तुळाजींचा. इंग्रजांना न बोलावता वाद मिटवून दाखवा!

पालकांनी सुट्टीत अलिबागला नेलंत तर ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जा. कान्होजींची समाधीही अलिबागलाच आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आय.एन.एस. आंग्रे' हे नाव का दिलं असेल, हा प्रश्न मुलांना तिथे उभं राहून विचारा. उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या.

उपक्रम घेतलात तर मुलांनी काय तोडगे काढले ते नक्की कळवा.