मोठे एंजिन, थोडे काम

अमेरिकेतील शेतकरी, सुतार, गवंडी, नळकाम करणारे कारागीर यांचे रोजचे वाहन म्हणजे पिकअप ट्रक. पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. १९७० ते १९९० या काळात तयार झालेले असे पुष्कळ ट्रक तिकडे अजूनही धावताना दिसतात. त्यांतल्या एखाद्याच्या मालकाला तुम्ही आपल्याकडच्या पद्धतीने 'ॲव्हरेज किती?' असे विचारलेत, तर तो 'बारा-तेरा' असे सांगेल. ऐकून बरे वाटेल. पण हे बारा-तेरा मैल असतात आणि तेही एका अमेरिकन गॅलनला. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर व अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, म्हणून त्याच्या आकड्याला ०.४२५ ने गुणावे लागते. (ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, त्यामुळे जुनी पुस्तके वाचताना घोटाळा होतो.) तेराला गुणून पाहा. लिटरमागे केवळ साडेपाच किलोमीटर!

इतके पेट्रोल जाते कोठे? 'गाडी जड आहे', 'एंजिन जुने झाले आहे', 'व्ही आकाराचे एंजिन पितेच जास्त' अशी उत्तरे नेहमी मिळतात. यांतले कोणते कितपत खरे हे मोजून पाहता येते आणि त्यासाठी नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरते.

व्ही एंजिन म्हणजे काय ते आधी पाहू. साध्या एंजिनात सिलिंडर एका ओळीत उभे असतात. आठ सिलिंडर असे उभे केले तर एंजिन फार लांब होते आणि त्याचा भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, लांबीमुळे पिळवटू लागतो. म्हणून चार-चारच्या दोन ओळी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या तिरप्या मांडतात आणि दोन्ही ओळींतील दट्टे एकाच आखूड भुजादंडाला जोडतात. फोर्डने १९३२ मध्ये असे व्ही-८ एंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आणले. ते ३.६ लिटरचे होते. शेव्हरोलेचे प्रसिद्ध व्ही-८ एंजिन १९५५ मध्ये आले आणि १९६७ मध्ये त्याचे ५.७ लिटरचे रूप निघाले. हेच एंजिन पुढे कित्येक वर्षे पिकअप ट्रकमध्ये बसवले जात होते. आपण आपल्या हिशेबासाठी तेच घेऊ.

समजा, ट्रकचे वस्तुमान चालकासह २,००० किलोग्रॅम आहे आणि तो सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चालला आहे. त्याला दोन विरोध होतात. पहिला टायरांचा. तो वजनाच्या सुमारे १.३ टक्के धरला तर २५० न्यूटन येतो. दुसरा हवेचा. पिकअपचे तोंड चौकोनी आणि हौदा उघडा, त्यामुळे त्याचा कर्षण गुणांक ०.५ च्या आसपास असतो. समोरचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर आणि हवेची घनता १.२ धरून सूत्रात घाला: ½ × १.२ × ०.५ × ३ × २५ × २५. उत्तर सुमारे ५६० न्यूटन. दोन्ही मिळून ८१० न्यूटन झाले. याला २५ ने गुणले की शक्ती मिळते, सुमारे २० किलोवॅट. गिअरपेटी आणि मागच्या आसाचे दाते वाटेत थोडी शक्ती खातात. तेव्हा एंजिनाने २४ किलोवॅट द्यावी असे धरू. म्हणजे ३२ अश्वशक्ती.

या आकड्यापाशी जरा थांबा. १९७० च्या दशकातील असे एंजिन पूर्ण जोर लावला तर १६० च्या आसपास अश्वशक्ती देऊ शकत असे. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ते आपल्या ताकदीचा फक्त पाचवा भाग वापरते. एवढे कमी काम असताना त्याने इतके का खावे?

पेट्रोलच्या बाजूने हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा मिळते. लिटरमागे साडेपाच किलोमीटर, तर एका किलोमीटरला ५.८ मेगाजूल लागतात. किलोमीटर कापायला ४० सेकंद लागतात. म्हणजे दर सेकंदाला १४५ किलोजूल ऊर्जा एंजिनात शिरते आणि २४ बाहेर येते. कार्यक्षमता साडेसोळा टक्के.

आता पाठ्यपुस्तक काढा. ऑटो चक्राची कार्यक्षमता संपीडन गुणोत्तरावर अवलंबून असते. गुणोत्तर साडेआठ असेल तर सूत्राने ५७ टक्के येते. आमच्या वर्गात विद्यार्थी हे ५७ वहीत लिहून पान उलटतात. माझ्या मते खरा धडा तेथून पुढे सुरू होतो. मधले चाळीस टक्के गेले कोठे?

त्यांतला मोठा भाग जाळातच जातो. खरे तप्त वायू सूत्रातल्या आदर्श वायूसारखे वागत नाहीत, ज्वलनाला वेळ लागतो, सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढून घेतात. परिणामी दट्ट्यावर प्रत्यक्ष होणारे कार्य तीस टक्क्यांच्या आसपास राहते. १४५ चे तीस टक्के म्हणजे सुमारे ४३ किलोवॅट. पण चाकांकडे तर २४ च निघतात. उरलेले १९ एंजिन स्वतःसाठीच वापरते आणि आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

पेट्रोल एंजिनाची एक अडचण आहे. पेट्रोल आणि हवा यांचे वजनी प्रमाण साधारण एकास पंधरा ठेवावे लागते. फार पातळ मिश्रण ठिणगीने नीट पेटत नाही. मग शक्ती कमी हवी असेल तर पेट्रोलबरोबर हवाही कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेत थ्रॉटल नावाची झडप असते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा ही झडप उघडते, पाय उचलला की मिटते. झडप जवळजवळ मिटलेली असताना दट्ट्या खाली जातो तेव्हा त्याला हवा ओढायला कष्ट पडतात. हे हाताला जाणवून घ्यायचे असेल तर सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या. तोंड मोकळे ठेवून दांडी ओढा, मग तोंडावर बोट अर्धवट दाबून झटकन ओढा. दुसऱ्या वेळी जे जास्तीचे कष्ट पडले तेच व्ही-८ एंजिन दर मिनिटाला हजारो वेळा करत असते.

किती कष्ट ते काढू. आपल्या ट्रकला ताकदीच्या पाचव्या भागाने चालवताना थ्रॉटलच्या पलीकडे दाब ४० किलोपास्कलच्या आसपास उरतो. जळलेले वायू बाहेर ढकलताना मात्र दाब १०५ किलोपास्कल असतो. फरक ६५ किलोपास्कल. दाबातील फरक गुणिले आकारमान म्हणजे कार्य. तेव्हा ६५,००० ला ०.००५७ घनमीटरने गुणले की एका चक्राला ३७० जूल येतात. या ट्रकला तीनच गिअर असत. वरच्या गिअरमध्ये ताशी ९० ला एंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेते. दोन फेऱ्यांचे एक चक्र, म्हणजे सेकंदाला २० चक्रे. ३७० × २० = ७,४०० वॅट. दहा अश्वशक्ती केवळ श्वास घेण्यात खर्च!

शिवाय घर्षण आहे. आठ दट्टे, त्यांची कडी, धारवे, सोळा झडपा आणि त्यांच्या स्प्रिंगा, तेलाचा व पाण्याचा पंप. हे सगळे मिळून जणू दट्ट्यांवर १०० किलोपास्कलचा उलटा दाब सतत असावा असे मानतात. वरच्याच रीतीने गुणाकार केला तर ११.४ किलोवॅट येतात. दोन्हींची बेरीज १८.८. हरवलेले १९ सापडले.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. हौद्यात ५०० किलोग्रॅम विटा भरा. टायरांचा विरोध ६४ न्यूटनने वाढेल, एंजिनाला सुमारे २ किलोवॅट अधिक द्यावे लागतील. पण श्वास आणि घर्षण यांवरचा खर्च तेवढाच राहतो. थ्रॉटल थोडी जास्त उघडल्याने श्वासाचा किंचित कमीच होतो. म्हणजे ४३ चे ४५, पेट्रोल फार तर चार-पाच टक्के जास्त. 'रिकामा असो की भरलेला, सारखेच पितो' ही जुन्या पिकअप मालकांची तक्रार बढाई नव्हे, ते गणित आहे. मात्र हे सपाट रस्त्यापुरते. घाट लागला की वजन आपली किंमत वसूल करते.

आता याच ट्रकला निम्म्या आकारमानाचे, चार सिलिंडरचे एंजिन बसवले असे समजा. घर्षण निम्मे होईल. थ्रॉटल अधिक उघडी ठेवावी लागेल, दाब ६० किलोपास्कलपर्यंत चढेल आणि श्वासाचा खर्च सुमारे २.६ किलोवॅटवर येईल. २४ अधिक ५.७ अधिक २.६, एकूण ३२. पेट्रोलमध्ये पाव हिश्शाची बचत! किंवा मोठेच एंजिन ठेवून वर एक आणखी गिअर द्या, म्हणजे त्याच वेगाला एंजिन मिनिटाला १,७०० फेरे घेईल. माझ्या हिशेबाने सुमारे सातवा हिस्सा वाचतो. तुम्हीही करून पाहा. या वेळी दाब ४८ किलोपास्कल धरा. डिझेल एंजिनात थ्रॉटलचा हा जाच नसतो, तेथे शक्ती फक्त इंधन कमी करून घटवतात. कमी भारावर डिझेलची गाडी काटकसरी ठरते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मग व्ही आकाराचा दोष किती? आकाराचा म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. सिलिंडरांच्या संख्येचा थोडा आहे. तेच आकारमान चारऐवजी आठ सिलिंडरांत वाटले तर भिंतींचे एकूण क्षेत्रफळ दोनाच्या घनमुळाइतके, म्हणजे १.२६ पट होते. तेवढी उष्णता बाहेर जायला वाट जास्त मिळते. पण फोर्डने २०११ साली आपल्या पिकअपमध्ये ३.५ लिटरचे, टर्बो बसवलेले व्ही-६ एंजिन दिले. तेही व्ही आकाराचेच. परंतु लहान असल्याने रोजच्या कामात कमी घुसमटते आणि जोर हवा तेव्हा टर्बो हवा कोंबून देतो. शेव्हरोलेच्या ट्रकांत वेगळा उपाय झाला: भार कमी असताना आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवायचे. कॅडिलॅकने हा प्रयोग १९८१ मध्येच मोटारीत केला होता, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्या कामाला पुरे पडले नाही.

जुनेपणाचा वाटाही मान्य केला पाहिजे. कार्ब्युरेटर मिश्रणाचे प्रमाण अंदाजानेच राखतो. थंड एंजिन सुरू करताना चोक ओढला की न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर जाते, आणि झिजलेला कार्ब्युरेटर नेहमीच जास्त पेट्रोल सोडतो. ठिणगीची वेळ मागे पडणे, ब्रेक किंचित चिकटून राहणे, टायरांत हवा कमी असणे, हेही आहेच. अशा जागी मेकॅनिक पुष्कळ काही सुधारू शकतो. थ्रॉटलपुढे आणि घर्षणापुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही.

अमेरिकेला याची जाग १९७३ च्या तेलबंदीनंतर आली. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली (ती १९९५ मध्ये रद्द झाली) आणि १९७५ मध्ये गाड्यांच्या सरासरी इंधनखपतीविषयी कायदा झाला. पण ट्रकांना मोटारींपेक्षा सैल नियम मिळाले. प्रदूषणाच्या त्या वेळच्या नियमांतही ६,००० पौंडांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या पिकअपला सूट होती. फोर्डने १९७५ मध्ये एफ-१५० हा ट्रक नेमका त्या रेषेच्या वर राहील असा काढला! नियम वजनावर बेतला की गाडी वजनदार होते, हे अभियंत्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

शहरात स्थिती आणखी वाईट. ताशी ५४ किलोमीटर वेगातील आपल्या ट्रकची गतिज ऊर्जा २२५ किलोजूल. सिग्नलला ब्रेक लावला की ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. १५ टक्के कार्यक्षमतेने ती पुन्हा मिळवायला दीड मेगाजूल पेट्रोल लागते. म्हणजे एकवीस वेळा थांबून निघालो की एक लिटर गेले, उभ्या गाडीत जळते ते वेगळेच.

शेवटी एक कोडे. एका घरी लिटरमागे ५ किलोमीटर देणारा जुना पिकअप आणि १५ देणारी मोटार आहे. दोन्ही वर्षाला १५,००० किलोमीटर धावतात. पैसे एकाच दुरुस्तीपुरते आहेत: ट्रक ५ वरून ६ वर आणता येईल किंवा मोटार १५ वरून १८ वर. पहिल्या नजरेला मोटारीचे तीन किलोमीटर मोठे वाटतात, आणि टक्केवारीने दोन्ही सुधारणा सारख्याच आहेत. आता लिटर मोजा. ट्रकला ३,००० ऐवजी २,५०० लिटर लागतील, म्हणजे ५०० वाचले. मोटारीला १,००० ऐवजी ८३३, म्हणजे १६७. एका लिटर पेट्रोलमधील कार्बन जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड होतो. ट्रकच्या त्या एका किलोमीटरने वर्षाला किती टन वायू हवेत जायचा थांबला, ते वर्गात फळ्यावर मांडून काढा. उत्तर एक टनाच्या थोडे वर आले पाहिजे.