रात्री पावणेबाराला बंद पडणारं घड्याळ

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र माझ्या मनगटावरचा आहे!

गेल्या वर्षी उसाचं बिल आलं तेव्हा आजोबांनी मला घड्याळासाठी पैसे दिले. परीक्षेला मोबाईल, स्मार्टवॉच चालत नाही, म्हणून "साधं घे" असं बजावलंही होतं. मी घेतलं ऑटोमॅटिक. वार, तारीख, महिना, चोवीस तास अशा चार छोट्या तबकड्या, आणि एक खिडकी, जिच्यातून बॅलन्स व्हील हलताना दिसतं. किंमत दोन हजारांच्या आत. रूमवर बघायला सगळे जमले होते.

महिन्याभरात ते बंद पडायला लागलं. गंमत म्हणजे नेहमी रात्री पावणेबाराच्या आसपास! मग एम-थ्रीच्या पेपरला डावा हात बाकावर स्थिर असताना ते मध्येच थांबलं, नंतर आपोआप चालू झालं. मला वाटलं अजून वेळ आहे, आणि शेवटचा प्रश्न राहिला.

पण पावणेबाराच का? घड्याळात ताकदीचा स्रोत एकच, ती गुंडाळलेली स्प्रिंग. तिची ताकद गिअर ट्रेनमधून एस्केपमेंटकडे आणि तिथून बॅलन्स व्हीलकडे जाते. वार आणि तारखेची चक्रं याच ट्रेनवर लटकलेली असतात. दिवसभर ती गप्प असतात, पण मध्यरात्रीच्या आधी काही तास त्यांचे दात अडकतात आणि चक्रं ढकलावी लागतात. (म्हणूनच रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंत तारीख हाताने बदलू नये.) स्वस्त घड्याळात दातांचं फिनिशिंग खडबडीत, म्हणजे घर्षण जास्त. त्यात ऑटोमॅटिकची स्प्रिंग हात हलल्यावर भरते, आणि मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर! टॉर्क कमी, लोड जास्त. बंद पडणारच.

आता थोडं गणित. समजा प्रत्येक भागाची रिलायबिलिटी 0.999 आहे. एक बिघडला की सगळं थांबतं असं धरलं, तर 100 भागांची मिळून 0.905 होते, 200 भागांची 0.819. म्हणजे किंमत न वाढवता तबकड्या वाढवल्या की प्रत्येक भागावरचा खर्च कमी होतो आणि बिघडायच्या जागा वाढतात. आणि ती खिडकी म्हणजे टूरबियाँ नव्हे हं! ब्रेगेने 1801 मध्ये पेटंट घेतलेली ती रचना खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी होती. त्यात बॅलन्ससकट सगळा पिंजराच फिरतो.

याउलट सांगवीला आजोबांचं एचएमटी जनता. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनतामध्ये 17 ज्वेल, तासाला 18,000 ठोके, तारीखसुद्धा नाही. आजोबा रोज सकाळी किल्ली देतात. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी धरायचं असलं की त्यावरच मोटारीची वेळ बघतात. दिवसाला वीस सेकंद चुकलं तरी चूक 86,400 मध्ये 20, म्हणजे 0.023 टक्के.

फक्त अचूक वेळ पाहिजे असेल तर काही शेकड्यांचं क्वार्ट्झ घ्या. त्याचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, त्याच्यापुढे जनताही हरते. यांत्रिक घड्याळाची हौसच असेल, तर कमी काट्यांचं घ्या, ज्याचे पार्ट मिळतील असं. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, त्यामुळे जनता बहुतेक जुनंच मिळतं. तबकडी फार चकचकीत दिसली तर ती नव्याने रंगवलेली असू शकते. मागचं झाकण उघडून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझं घड्याळ मी बारामतीला एका घड्याळवाल्या काकांकडे नेलं. "याचे पार्ट मिळत नाहीत रे बाळा," म्हणत त्यांनी वार-तारखेची चक्रंच काढून टाकली. आता त्यावर कायम गुरुवार, तीस तारीख असते, पण रात्रीचे बारा ते बिनबोभाट ओलांडतं. आजोबांना मी किंमत अजून सांगितलेली नाही.