कामातले समाधान आणि पोलिसाची प्रकृती

पोलिसाच्या प्रकृतीचा विषय निघाला की आपण चटकन अवेळी जेवण, तंबाखू, चहा आणि सुटलेले पोट यांना दोष देतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु तपासणीला येणाऱ्या बीट अंमलदारांना औषधाची चिठ्ठी देण्यापूर्वी मी एक प्रश्न हमखास विचारतो, "काम कसं वाटतं?" छातीतली धडधड, आम्लपित्त, डोकेदुखी, झोप न लागणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या उत्तरात सापडते.

बीट अंमलदार म्हणजे काही ठराविक गावे किंवा वस्त्या ज्याच्याकडे सोपवलेल्या असतात तो पोलीस. बांधावरचे भांडण, समन्स बजावणी, जत्रेची गर्दी, सासरी छळ होणारी मुलगी, या सर्व ठिकाणी लोकांना प्रथम भेटतो तो हाच. त्याचे मन कामात नसेल, तर त्याचा त्रास त्याच्या शरीराला होतो आणि आपल्यालाही होतो.

मग समाधान कशाने मिळते? पगाराने? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली एक महत्त्वाचा विचार मांडला. पगार, घर, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी नीट नसतील तर माणूस नाराज होतो. पण त्या नीट झाल्या म्हणजे तो आनंदाने काम करतोच असे नाही. पोट भरले की भूक जाते, पण जेवण गोड लागले का, हा प्रश्न वेगळा! खरे समाधान कामाचे चीज होणे, जबाबदारी मिळणे आणि दखल घेतली जाणे यांतून येते. पोलिसाच्या बाबतीत मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

१) कामाचे तास : जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. रोज बारा तासांची ड्यूटी धरली, तर पाच दिवसांतच ६० तास भरतात! मुंबईत २०१६ साली आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या कारकिर्दीत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ही कल्पना एका पोलीस शिपायानेच सुचवली होती, हे विशेष. जानेवारी २०१८ पासून ती शहरातील सर्व पोलीस ठाण्यांत लागू करण्यात आली.

२) स्वतःच्या कामावर ताबा : कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार शून्य, अशा नोकरीत ताण सर्वाधिक असतो, असे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली दाखवले. अशा वेळी शरीरात ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वारंवार वाढतात. त्यामुळे रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते, झोप उडते. बीट वारंवार बदलले, रजा ऐनवेळी रद्द झाली, की माणसाला आपल्या हातात काहीच नाही असे वाटू लागते.

३) लोकांशी ओळख : अमेरिकेतील नेवार्क शहरात सत्तरच्या दशकात पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्त घालायला लावण्यात आले. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. गुन्ह्यांचे प्रमाण फारसे घटले नाही. पण रहिवाशांची भीती कमी झाली आणि पायी फिरणाऱ्या पोलिसांना कामात अधिक समाधान वाटू लागले. आपल्याकडे १९७० व १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांबरोबर एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. दंगल झाली नाही, हे यश कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. बीट अंमलदाराचे बहुतेक यश असेच न दिसणारे असते. म्हणून त्याची दखल मुद्दाम घ्यावी लागते.

४) वरिष्ठांची वागणूक : चारचौघांत केलेला पाणउतारा माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही. चूक खोलीत सांगावी, शाबासकी सर्वांसमक्ष द्यावी. याला सरकारी मंजुरी लागत नाही आणि खर्चही येत नाही.

आता थोडे उपायांविषयी. पोलीस बांधवांनो आणि भगिनींनो, रक्तदाब व साखर नियमित तपासून घ्या. रात्रपाळीनंतर खोलीत अंधार करून सलग झोप घ्या; घरच्यांनीही ती मोडू नये. बंदोबस्ताला जाताना डबा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. छातीत दुखले, घाम फुटला, तर 'पित्त असेल' म्हणून अंगावर काढू नका. तडक रुग्णालय गाठा. ताण घालवण्यासाठी दारूचा आधार घेऊ नका. तिने झोप बिघडते आणि ताण वाढतो. मन फार खचले, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ या टेलिमानस दूरध्वनी सेवेवर विनामूल्य बोलता येते. असे बोलणे हा कमकुवतपणा नव्हे.

अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की साप्ताहिक सुट्टी आधी कळवावी आणि कळवलेली सुट्टी शक्यतो मोडू नये.

आणि वाचकहो, आपल्या बीट अंमलदाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर विचारून घ्या. त्याने भांडण मिटवले, तर दुसऱ्या दिवशी दोन शब्द बोला. एखाद्या चांगल्या कामाबद्दल पोलीस ठाण्याला चार ओळींचे पत्र पाठवा. आपण रक्तदाबाची गोळी लिहून देऊ शकत नाही, पण हे औषध कोणालाही देता येते.