आधी बूट, मग बाइंडिंग, शेवटी बोर्ड

भुईगाव, वसई

चि. तन्वीस,


फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला जाणार असल्याचं ताईकडून कळलं. फार आनंद झाला. तू पाठवलेले बोर्डांचे फोटोही पाहिले. चित्रं देखणी आहेत, पण त्यातला एकही आत्ता घेऊ नकोस. पहिल्या खेपेला सगळं सामान तिथेच भाड्याने घे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिथे प्रवेश घेणार असशील तर साधनं त्यांच्याकडून मिळतात का, हे अर्ज भरतानाच विचार. एकदा बर्फावर उभी राहिलीस की कुठला पाय पुढे ठेवायचा हे तुझं तुलाच समजेल. डावा पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा ठेवणाऱ्याला ‘गूफी’. दोन्ही सारखेच चांगले. इथे भुईगावात बसून ते ठरवू नकोस.

पैसे मात्र साठवत राहा, आणि खर्चाचा क्रम मी सांगतो तसा ठेव: आधी बूट, त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी पकड, त्यानंतर बोर्ड. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात. आवडलेला बोर्ड घेतात आणि उरलेल्या पैशांत बूट बसवतात. मग टाच बुटात उचलली जाते, पाय वळतो पण बोर्ड वळत नाही, आणि आपल्याला जमतच नाही असं वाटायला लागतं.

पायाचं माप संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. टाच भिंतीला टेकवून उभी राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोज. स्नोबोर्डच्या बुटांवर हेच माप छापलेलं असतं. तुझा पाय २४ असेल तर २४चाच बूट बघ. जाड मोजे घालता यावेत म्हणून मोठा घेऊ नकोस, एक पातळ लोकरी मोजा पुरतो. सरळ उभी राहिलीस की बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच हलत असेल तर तो बूट कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून दे.

बाइंडिंगचं माप बुटावरूनच ठरतं. बूट सोबत असल्याशिवाय ते घेऊ नकोस. घोट्यावरचा पट्टा बुटाच्या मध्यावर यावा, बूट कडेला डुगडुगू नये. पोटरीमागची उभी पाटी, म्हणजे हायबॅक, नरम ते मध्यम असावी. २०१७पासून बर्टन कंपनीची ‘स्टेप ऑन’ पद्धत बाजारात आहे. तिच्यात पट्टे नाहीत, बूट थेट बाइंडिंगमध्ये अडकतो. सोय मोठी आहे, पण त्यासाठी बूटही त्याच पद्धतीचे लागतात. पहिल्या संचाला पट्ट्यांचंच घे, म्हणजे पुढे एकच वस्तू बदलता येईल.

जुनं सामान घेणार असशील तर बोर्डावरची भोकं आधी बघ. बहुतेक बोर्डांना चार स्क्रूंची रचना असते, बर्टनच्या जुन्या बोर्डांना तीन भोकं असतात आणि नव्यांना मधोमध लांब खाच. बाइंडिंगची चकती त्या रचनेशी जुळत नसेल तर दोन्ही वस्तू चांगल्या असूनही काही उपयोग नाही.

आता बोर्ड. हनुवटीपासून नाकापर्यंत उंचीचा बोर्ड घ्यावा असं तुला सगळे सांगतील. तो ढोबळ अंदाज आहे. बोर्ड वाकतो तो वजनाने, म्हणून प्रत्येक बोर्डासोबत वजनाचा तक्ता असतो, तो वाच. तुझ्या ५२ किलोंना साधारण १४२ ते १४६ सेंटिमीटर ठीक पडेल. मग रुंदी बघ. बोर्ड अरुंद असेल तर वळताना बुटाची टोकं बर्फाला घासतात, फार रुंद असेल तर एका कडेवरून दुसरीवर जायला जोर लागतो. ताठपणा कंपन्या १ ते १० अशा आकड्यांत सांगतात. तू ३च्या आसपास राहा, पण एका कंपनीचा ३ दुसरीच्या ४ इतका असू शकतो हेही ध्यानात ठेव. शाळकरी पोराच्या हातात मोठ्या खेळाडूची जड बॅट दिली की त्याचा फटकाच बिघडतो, तसं ताठ बोर्डाचं होतं.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. मधून सपाट आणि दोन्ही टोकांना किंचित उचललेला बोर्ड घे. नवख्याचं सर्वांत वाईट पडणं असतं ते उताराकडची कड अचानक बर्फात रुतल्यामुळे. टोकं उचललेली असली की तो धोका कमी होतो, आणि गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात पुढचं टोक वरही राहतं. केळ्यासारखा पूर्ण वाकडा बोर्ड मात्र टाळ, कडक बर्फावर तो गिरकी घेतो.

पडताना नवखे हात टेकतात आणि मनगटं दुखावतात. म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड बोर्डाच्याही आधी घे. यात काटकसर मला चालणार नाही.

शेवटी वसईपुरतं. बोर्डाच्या कडा पोलादी असतात, आणि आपल्याकडे खिडकीच्या गजांना खारा वारा काय करतो ते तू पाहतेसच. परत आल्यावर बोर्ड कोरडा पूस, तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर दे, तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत खरवडू नकोस. बाइंडिंगचे स्क्रू सैल कर. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवू नकोस, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. आतल्या खोलीत कपाटामागे उभा ठेव आणि पावसाळ्यात मधूनमधून कडा बघत जा. गंजाचे ठिपके दिसले तर बारीक पॉलिश पेपरने लगेच काढ.

पायाचं माप रविवारपर्यंत कळव. बुटांची यादी मी करून ठेवतो.

तुझा,
मामा