आधी विहिरी फिर, मग मशीन बोलाव

पोरी, पेट्रोल पंपाच्या गळतीचं काम पहिल्यांदाच तुझ्या हाती आलंय. उपकरणं आणि तक्ते तू शिकून आलीस. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात हे काम कुठे वेगळं पडतं, तेवढं मी सांगतो.

पंपावर गेल्या गेल्या बोअरची जागा आखू नकोस. मॅनेजरच्या टेबलाशी बस आणि स्टॉक रजिस्टर माग. डिप काठीचं माप, टँकरनं ओतलेला माल आणि नोझलमधून गेलेली विक्री यांचा दोन वर्षांचा मेळ लाव. उन्हाळ्यात पेट्रोल थोडं उडतंच. पण घट डिझेललाही येत असेल, किंवा महिन्यामागून महिना वाढतच असेल, तर जमिनीकडे बघ. पावसाळ्यात टाकीत पाणी येतं का, हेही विचार. भूजल चढल्यावर ज्या भोकातून पाणी आत शिरतं, ते उतरल्यावर त्याच वाटेनं पेट्रोल बाहेर जातं. मात्र आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. तेव्हा काठीवरच्या पाणी ओळखणाऱ्या पेस्टचा रंग बदलला नाही, एवढ्यावरून टाकी धड आहे असं धरू नकोस. पाइपांचे सांधेही तपासायला लाव. गळती पुष्कळदा तिथेच निघते.

मग आसपासच्या विहिरी आणि बोअर पायी फिर. आपल्याकडे वर माती-मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मग घट्ट काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा थर. पाणी चालतं ते भेगांतून, आणि ते कुणीकडे चालतं हे बरेचदा शेजारच्या मोटारी ठरवतात. उसाच्या रानात साडेसात हॉर्सपॉवरची मोटर दिवसभर चालली, की जमिनीचा उतार उलटा असला तरी पेट्रोल तिकडे ओढलं जातं. म्हणून कोणाची मोटर किती तास चालते हे लिहून घे आणि तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून आण. पंपाच्या चार कोपऱ्यांत चार बोअर मारून नकाशा काढला, तर तो आपल्या दगडात फसवतो.

विहिरीत उतरू नकोस, कोणाला उतरू देऊ नकोस. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते. हवेत दीड टक्का झाली तरी ठिणगीनं पेट घेते. गॅस मीटर दोरीनं खाली सोडल्याशिवाय मोटारीचं बटण दाबायचं नाही. गळतीच्या जागी कॉम्प्रेसरवर चालणारी बोअरची गाडीही लावू नकोस. तिची हवा वाफा भेगांतून लांब ढकलते आणि नमुन्यातलं पेट्रोल उडवून टाकते.

‘वास गेला, आता प्यायला लागलो,’ असं घरोघर ऐकशील. तिथे थांब आणि नीट समजाव. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. नाकाला किंवा जिभेला कळायला याच्या किती तरी पट बेंझिन लागतं. उकळणं हा उपाय नाही, वाफ घरातच पसरते. निकाल येईपर्यंत त्या घरांना टँकरचं पाणी मिळेल अशी व्यवस्था आधी करून घे.

नमुना 40 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत घे. पाणी बाटलीच्या तोंडावर फुगून उभं राहिलं की झाकण फिरव, बाटली उलटी धर, टिचकी मार. बुडबुडा वर सरकला तर ती बाटली बाद. त्या बुडबुड्यात बेंझिन गेलं. लगेच बर्फात ठेव.

आता सगळ्यात जिकिरीचं. आपली पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर वर आणि मे महिन्यात खाली, अशी कित्येक मीटरनं बदलते. पातळी उतरते तसं तरंगणारं पेट्रोल खाली माखत जातं, आणि चढली की पाण्याखाली अडकतं. ऑगस्टमध्ये बोअर स्वच्छ दिसते, मे महिन्यात तिच्यातच पेट्रोलचा थर तरंगतो. म्हणून निरीक्षण बोअरचा जाळीचा पाइप उन्हाळ्याच्या तळपातळीपासून पावसाळ्याच्या वरच्या पातळीच्याही वर यायला हवा. जाळी पाण्यात बुडाली तर वर तरंगणारं पेट्रोल आत येणारच नाही. आणि त्या थराची जाडी जमिनीतली म्हणून लिहू नकोस. बोअरमध्ये ती फुगून दिसते.

सफाईत आधी गळती बंद, मग तरंगणारं पेट्रोल काढणं. वाफ ओढणारी यंत्रणा मुरमात बरी चालते, चिकट काळ्या मातीत नाही. तिथे माती उकरून वेगळी साफ करणं परवडतं. जिवाणू बेंझिन खातात हे खरं, पण इथेनॉल असेल तर आधी तेच खातात. त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझिन पुढे सरकत राहतं. तेव्हा ‘निसर्ग करेल’ असं लिहिण्याआधी पाण्यातला प्राणवायू, नायट्रेट, लोह मोजून बघ.

उपसा थांबवल्यावर आकडे पुन्हा चढतात, कारण भेगांत अडकलेलं हळूहळू सुटत राहतं. कंपनी घाई करेल. तू यंत्रणा बंद ठेवून लागोपाठ दोन मे महिन्यांचे नमुने स्वच्छ आल्याशिवाय फाइल बंद करायची सही देऊ नकोस. प्रत्येक निकालाची प्रत विहिरीच्या मालकाला मराठीत लिहून दे, पाणी प्यायचं की नाही हे पहिल्याच ओळीत.